रिकाम्या खुर्चीवर ढोमणे काका

आमच्या ऑफिसातलं कोणी नोकरी सोडून गेलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक दहा वाजता ढोमणे काका त्याच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसत आणि संध्याकाळी सहापर्यंत तिथून हलत नसत. डबा तिथेच, चहा तिथेच. समोरचा कॉम्प्युटर बंद असे, तरी ते कीबोर्डवर बोटं ठेवून बसत. गेलेला माणूस कानाला हेडफोन लावणारा असेल, तर काकाही हेडफोन लावत. त्याची वायर कशालाच जोडलेली नसे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नोकरीला लागून चार दिवस झाले होते. पांढरे केस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि समोर काळा स्क्रीन. मला वाटलं, बिचाऱ्यांवर या वयात नव्यानं नोकरी धरायची वेळ आली. मी अदबीनं जाऊन विचारलं, "अंकल, आप किस टीम में हैं?"

त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचलं आणि मराठीवर आले. "टीम नाही बेटा. मी अमितच्या खुर्चीवर आहो. तू गजभियेंची पोरगी काय? महाराजपूरची?"

"हो."

"मी पण तिकडचाच. चलो, आता तुझं काम कर. मी पाहून राहिलो."

काय पाहून राहिले ते मला कळेना. समोर तर भिंत होती.

ढोमणे काका आमचे ॲडमिन. म्हणजे किल्ल्या, पिण्याचं पाणी, जनरेटर, झाडांच्या कुंड्या आणि खुर्च्या ही सगळी त्यांची जहागीर. जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या भागात आमची कंपनी होती. आम्ही तीसेक जण तिथे बसून दूरदूरच्या लोकांच्या वेबसाइट करून द्यायचो. जवळजवळ सगळे तिशीच्या अलीकडचे. काका आणि मालक दुबे सर एवढे दोघेच पन्नाशीच्या पलीकडचे. काकांना ऑफिसात सगळे "काकाजी" म्हणत. मराठीत त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच, आणि माझंही बोलणं निम्मं हिंदी. हे लिहिलेलं आई आधी वाचणार आहे, म्हणून इथे एवढी सरळ मराठी दिसतेय.

खुर्चीचं हे वेड कुठून आलं, ते काकांनीच एकदा सांगितलं. तरुणपणी ते कमानिया गेटजवळच्या एका फर्निचरच्या दुकानात अकरा वर्षं होते. गिऱ्हाईक यायचं, खुर्ची ठोकून पाहायचं, भाव विचारायचं, मिनिटभर बसायचं आणि "घर में पूछ के आते हैं" म्हणून जायचं ते जायचंच. का गेलं ते सांगायचं नाही. मग दुकान बंद करायच्या आधी काका त्या खुर्चीवर स्वतः अर्धा तास बसत. एखादीचा हात बोटभर उंच निघे, एखादीत खिळा टोचे.

"बसल्याशिवाय समजत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याला जोडून दुसरं, "माणूस खोटं बोलते. खुर्ची नाही बोलत."

माणसं खोटं बोलतात हे मात्र आमच्या ऑफिसपुरतं खरं होतं. राजीनाम्यात सगळे एकच लिहीत, 'बेटर अपॉर्च्युनिटी'. अमितनंही तेच लिहिलं होतं. संध्याकाळी सहा वाजता काका त्याच्या खुर्चीवरून उठले तेव्हा त्यांचा डावा खांदा ओला होता. वर एसीचं पाणी ठिबकत होतं, मिनिटाला एक थेंब. अमितच्या ड्रॉवरमध्ये त्यांना घडी घातलेले तीन रुमाल सापडले. ते रुमाल त्यांनी दुबे सरांच्या टेबलावर नेऊन मांडले.

"सर, ये देखिए. बेटर अपॉर्च्युनिटी."

"मतलब?"

"सूखा कंधा, सर."

दुबे सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा विश्वास भाषणांवर होता. आजकालच्या मुलांना नोकरीत नेमकं काय पाहिजे, या विषयावर भोपाळला एक भाषण ऐकून ते आले आणि येताना दोन नारिंगी बीन बॅग घेऊन आले. पाठोपाठ कॅरम आला. भिंतीवर इंग्रजीत 'स्वप्न पाहा' असं रंगवून झालं. मग दर शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात 'फन' सुरू झालं. ते सक्तीचं होतं. न येणाऱ्याचा अर्धा दिवस कापला जाई.

पहिल्याच शुक्रवारी संगीतखुर्ची ठेवली होती. काकांनी खुर्च्या द्यायला साफ नकार दिला. "धक्काबुक्की करून बसायची चीज आहे काय ती?" ते मला म्हणाले. शेवटी आम्ही गोल फिरून फरशीवर बसलो आणि कोण बाद झालं यावरून सात वाजेपर्यंत भांडलो. त्या भांडणात मात्र सगळ्यांना मजा आली.

बीन बॅगेचीही काकांनी रीतसर परीक्षा घेतली. दहा वाजता बसले. सव्वादहाला जनरेटरवाला आला म्हणून उठायला गेले, तर उठता येईना. एका बाजूला जोर लावला की दुसऱ्या बाजूनं आत जात. दोघांनी हात धरले, मी मागून ढकललं, तेव्हा कुठे सुटका झाली. शर्ट नीट करत ते म्हणाले, "हे काही खुर्ची नाही. याच्यात बसलेला माणूस राजीनामा द्यायला पण उठू नाही शकत." हे दुबे सरांच्या कानावर गेलं नाही तेच बरं झालं, नाही तर त्यांनी आणखी दहा मागवल्या असत्या.

अमितनंतर नेहा गेली. तिच्या खुर्चीवर काका बसले त्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. बारापर्यंत ठीक होते. जेवणानंतर चुळबुळ सुरू झाली. तीन वाजेपर्यंत त्यांनी सात-आठ वेळा मागे वळून पाहिलं. शेंगदाणे खायला काढले, एक तोंडात टाकला आणि उरलेले चोरासारखे खिशात ठेवले.

"काका, काय झालं?"

"पाठ खाजवून राहिली," ते कुजबुजले. "मागं काच आहे."

नेहाच्या बरोबर पाठीमागे दुबे सरांची काचेची केबिन होती. सर आपले हिशेबात, फोनवर, क्वचितच मान वर करायचे. पण पाठीला ते कसं कळणार? दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर मध्ये फायलींचं मोठं लोखंडी कपाट उभं होतं.

"ढोमणे जी, ये अलमारी यहाँ काहे को?"

"सर, उधर दीवार में सीलन है. फाइलें खराब हो जातीं."

बंगल्याची ती भिंत खडखडीत कोरडी होती. सरांनी महिनाभर कपाटाची पाठ पाहिली आणि मग पाहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तेही सहाला घरी जायला लागले.

वैभवच्या खुर्चीनं काकांना दोन दिवस दमवलं. पाणी ठिबकत नव्हतं, मागे काच नव्हती, ऊन येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उतरलेल्या चेहऱ्यानं माझ्याजवळ आले. "दोन दिवस बसलो बेटा. कोणी आलंच नाही माझ्याकडे. ना काही विचारायला, ना सांगायला." वैभव कोपऱ्यात बसायचा. दीड वर्षात मी स्वतः त्याच्याशी किती बोलले होते, ते आठवायला लागले आणि मला लाज वाटली. काकांनी दुसऱ्याच दिवशी पाण्याचं मशीन उचलून त्या कोपऱ्यात नेलं. त्या खुर्चीवर नंतर आलेली मुलगी आमच्यातली सगळ्यात बोलकी झाली. तिला गप्प करायला काकांजवळ उपाय नव्हता.

तीन वर्षांनी जाण्याची पाळी माझी आली. पुण्याच्या एका कंपनीकडून बोलावणं आलं होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण फोनवर मुलाखत द्यायला आठवड्यात तीनदा गच्चीवर गेले होते, आणि गच्चीची किल्ली काकांकडे असायची. सोमवारी सकाळी आले तर काका माझ्या खुर्चीवर. माझी पाण्याची बाटली त्यांच्या उजव्या हाताला, कानाला माझे हेडफोन. सगळं ऑफिस माझ्याकडे असं पाहायला लागलं, जणू माझ्या फोटोला हार घातलाय.

"काका, मी अजून राजीनामा दिला नाही!"

"मालूम आहे. या वेळेला आधी बसून पाहून राहिलो. गेल्यावर समजून काय फायदा?"

तो दिवस मी नारिंगी बीन बॅगेत काढला. सहा वाजता काका माझ्या खुर्चीवरून उठले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुझ्या खुर्चीत काहीच खराबी नाही. मग काहून जाऊन राहिली?"

त्यांना 'बेटर अपॉर्च्युनिटी' म्हणून सांगायची माझी हिंमत झाली नाही. "काका, तीन वर्षं एकच काम करून राहिली मी. तेच बटण, तोच मेनू. काही नवीन करते म्हटलं तर सर म्हणतात, जो चल रहा है चलने दो. मला काय येते ते कोणी विचारलंच नाही."

"हे तर खुर्चीतून दिसतच नाही," काका म्हणाले. आपली एवढ्या वर्षांची विद्या अपुरी पडली याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मग किल्ल्यांचा जुडगा चाळवत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एक खुर्ची आहे. मला तिच्यात काही सापडून नाही राहिलं. तू बसून सांगशील? तुझ्याच वयाच्या पोरीची आहे."

ती खुर्ची त्यांच्या घरी होती. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. वाटेत त्यांनी कमानिया गेटवरून खोव्याची जिलबी घेतली. माझ्या स्कूटीवर मागे बसून, पुडा छातीशी धरून, त्यांनी मला सगळं सांगितलं. सिग्नलला थांबलो की बोलत, स्कूटी निघाली की गप्प.

रश्मी त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरीला. तिला घरून काम करायची मुभा होती. दोन वर्षांपूर्वी ती "महिनाभर इथूनच काम करते" म्हणून आनंदानं आली आणि तीन दिवसांत परत गेली. भांडण नाही, रुसवा नाही. "ऑफिसात काम आलं" म्हणाली. त्यानंतर आलीच नाही. फोन करते, तोही आईला.

"म्हणजे तिनं पण तेच लिहून दिलं," काका म्हणाले, "बेटर अपॉर्च्युनिटी."

रश्मीच्या खोलीतली खुर्ची मी पाहिली आणि तोंडात बोट घातलं. शिसवी, वेताच्या बैठकीची, हाताला गुळगुळीत. त्या दुकानातली शेवटची आणि सगळ्यात चांगली खुर्ची काकांनी लेकीसाठी आणली होती. दोन वर्षं दर रविवारी ते तिच्यावर बसून खराबी शोधत होते. पंख्याचा आवाज बंद केला होता. खिडकीला नवी जाळी, टेबलावर नवा दिवा, हाताशी नवा प्लग. "टॉवर पण फुल येते," त्यांनी मोबाइल धरून नेटवर्क दाखवलं. "चारही कांड्या. दर रविवारी चेक करतो मी."

मी बसले. काका माझ्या मागे, डॉक्टर काय सांगतो याची वाट पाहावी तसे उभे. स्वयंपाकघरातून काकू पोह्यांचा झारा हातात घेऊन दाराशी आल्या. बसायला सुख होतं, उजेड छान होता. मी मान हलवून "काही नाही" म्हणणार, तेवढ्यात समोर पाहिलं. खोलीला दार नव्हतं. हवा खेळावी म्हणून काकांनीच काढून ठेवलं होतं. आणि त्या उघड्या चौकटीतून, दिवाणखान्यात, बरोबर समोर एक आरामखुर्ची होती. तोंड इकडे.

"ती कोणाची?"

"माझी."

"तुम्ही तिथे केव्हा बसता?"

"रश्मी अभ्यासाला बसली की बसायचो. पाचवीपासून. तिला एकटं नको वाटायला. सोबत म्हणून."

"आणि ती महिनाभर राहायला आली तेव्हा?"

"तेव्हा तर मी सुट्टी टाकली न," काकांचा चेहरा खुलला. "तीन दिवस. दहा ते सहा तिथंच. पाणी प्यायला पण उठलो नाही."

मला वाटलं, म्हणावं दिव्याची जागा चुकली आहे, आणि जिलबी खाऊन घरी जावं. पण तो माणूस दोन वर्षं जाळ्या आणि प्लग बदलत होता, आणखी दहा वर्षं बदलत राहिला असता.

"काका, जरा तिथे बसता?"

ते जाऊन बसले. गुडघ्यांवर हात ठेवले आणि माझ्याकडे पाहू लागले. त्या पाहण्यात राग नव्हता, संशय नव्हता, नुसती माया होती. तरी दोन मिनिटांत मी ताठ बसले, ओढणी सारखी केली आणि टेबलावरचं एक जुनं पुस्तक उगाच उघडून वाचायला लागले.

"काय समजलं?" तिकडून त्यांनी विचारलं.

"काका... नेहाची खुर्ची आठवते?"

ते हसत होते ते थांबले. पुढचं मला सांगावं लागलं नाही. या विषयात जबलपुरात त्यांच्याइतकं जाणकार कोणी नव्हतं. आरामखुर्चीच्या हातावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"मी तर सोबत म्हणून बसायचो," ते हळू म्हणाले.

"हो काका."

"अन् दर रविवारी मी तिथं बसून पाहायचो, तर ही खुर्ची रिकामीच राहायची. मग खराबी दिसणार कशी?"

काकू म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला कुठं विचारते हा माणूस? खुर्चीलाच विचारून राहिला दोन वर्षं!"

काकांनी त्या दिवशी जिलबीला हात लावला नाही. मी घरी आले तेव्हा, खरं सांगते, मला आपण कोणाचं तरी काहीतरी फोडून आल्यासारखं वाटत होतं.

मी पुण्याला गेले. माझ्या खुर्चीवर काका बसलेच नाहीत, असं मागून कळलं. आता ते एक स्टूल घेऊन फिरतात. रोज एकाजवळ बसतात आणि विचारतात, "तुला काय येते? काय करावंसं वाटते?" मग ते दुबे सरांना जाऊन सांगतात आणि सरांनी ऐकेपर्यंत केबिनमधून उठत नाहीत. पोरं वैतागली आहेत म्हणे, पण सहा महिन्यांत कोणी गेलेलं नाही.

दिवाळीत घरी आले, तेव्हा फराळाचा डबा द्यायला काकांकडे गेले. आरामखुर्ची व्हरांड्यात आली होती, तोंड रस्त्याकडे. तिच्यात काका खांबासारखे ताठ बसले होते.

"रश्मी आली आहे," ते ओठ न हलवता म्हणाले. "पंधरा दिवस राहणार आहे. आत काम करून राहिली."

"मग तुम्ही असे काहून बसले?"

"मान दुखून राहिली बेटा. पण सकाळपासून एकदा पण मागं वळलो नाही."

मी आत डोकावले. खोलीला दार बसलं होतं, नवं, पॉलिश केलेलं. तेवढ्यात ते उघडलं. रश्मी एका हातात लॅपटॉप धरून, दुसऱ्या हातानं ती शिसवी खुर्ची ओढत बाहेर आली. ओढताना तिला चांगलाच दम लागला. तिनं ती व्हरांड्यात आणली, काकांच्या आरामखुर्चीला टेकवून ठेवली आणि बसली.

"आत नेटवर्क नाही येत, बाबा," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत चारही कांड्या येतात हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"अच्छा," ते म्हणाले, आणि तिला बसायला मोकळं व्हावं म्हणून आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली.